मापाची रायफल

दौंड हे जंक्शनचे गाव. इथे तिकीट तपासनीस कुणाला नवा नाही. त्यामुळे १ ऑगस्ट २०२४ रोजी मध्य रेल्वेच्या एका तिकीट तपासनीसाने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या रेल्वे कॉलनीत घरचेच कार्य असल्यासारखे पेढे वाटले गेले. स्वप्नील कुसाळे मूळचा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले होते. आनंद व्हायचाच.

पेढे संपले आणि माझ्या दारावर थाप पडू लागली. मी शाळेत सव्वीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला आणि त्याबरोबर एनसीसीचे काम पाहिले. एनसीसीची .२२ रायफल, जमिनीवर पालथे पडून पाच गोळ्या, आणि मग कागदावरच्या भोकांवर पट्टी ठेवून ग्रुप मोजणे, एवढ्या भांडवलावर गावाने मला बंदुकीतला जाणकार ठरवून टाकले आहे. निवृत्तीनंतर पुण्यातल्या रेंजवर मुलांना घेऊन जाण्याचा नाद लागला, त्यामुळे त्या समजुतीला थोडा आधारही मिळाला. येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न मात्र एकच. ‘‘सर, पोराला रायफल घ्यायची आहे. पहिली कुठली घ्यावी?’’

प्रश्न नवा वाटतो, पण या तालुक्याला तो जुनाच आहे. फक्त पूर्वी त्याचा अर्थ वेगळा होता.

पाटसकडून सुप्याकडे जाताना, कुरकुंभच्या बाजूला, किंवा पलीकडे शिरूरच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे अजून ऊस पोचलेला नाही तिथे मुरमाड माळ दिसतो. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा, आणि चालले की धोतराला कुसळेच कुसळे. हे हरणांचे घर. माझ्या वडिलांच्या पिढीत ज्यांच्या घरी बंदूक होती त्यांच्याकडे मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला की त्याला माळावर नेण्याची चाल होती. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याप्रमाणे परवाना काढून शिकार करता येत असे. वडील सांगत की रेल्वेतले गोरे-निमगोरे ड्रायव्हरही सुट्टीच्या दिवशी बारा बोअर खांद्याला लावून बाहेर पडत. तेव्हा पहिली बंदूक निवडण्याची कसोटी सरळ होती. ती शे-दीडशे पावलांवरचे हरीण पाडते का? पोराच्या खांद्याला सूज आली तर हळद लावायची. ती मर्दुमकीची खूण मानली जाई.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा सारा मामला संपवला. आपल्या माळावरचे चिंकारा आणि काळवीट दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. शिकार केली तर किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. (भूगोलाच्या मास्तरला राहवत नाही म्हणून सांगतो, शास्त्राप्रमाणे हे दोघे हरीणच नव्हेत. हरणाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, जशी चितळाची, सांबराची. चिंकाऱ्याची आणि काळविटाची शिंगे जन्मभर टिकतात. त्यांचा गट कुरंगांचा. पण आमच्या आजीला आणि माळाला हा भेद कधी पटला नाही, तेव्हा आपणही हरीणच म्हणू.) १९९७ साली बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले ते याच चिंकाऱ्यांसाठी. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावाची शिवार याहून मोठी असते. एवढ्याशा जागेत हरणे मावत नाहीत, ती बाहेरच्या माळावर आणि लोकांच्या ज्वारीत फिरतात. म्हणजे ती टिकली आहेत ती कुंपणामुळे कमी आणि आसपासच्या माणसांनी बंदूक उचलली नाही म्हणून जास्त.

तरीही येणाऱ्यांपैकी एखादा जण चहा संपल्यावर आवाज खाली आणून विचारतोच, ‘‘सर, हिने हरीण पडंल का?’’ त्याला मी उत्तर देतो की ज्या घरात हा प्रश्न पडतो त्या घरात मुलाच्या हाती कुठलीच रायफल देऊ नये, एअर रायफलसुद्धा नाही. गावाकडे एअर गन आली की पहिला बळी होल्याचा किंवा खारीचा जातो, आणि घरची माणसे कौतुकाने हसतात. मला हे अजिबात कौतुकाचे वाटत नाही. ज्या मुलाने नेम धरायला जिवंत पक्ष्यावर सुरुवात केली त्याला कागदावरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका पुढे फार कंटाळवाणा वाटतो.

आता गंमत पाहा. माझा एक भाचेजावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवसांचा हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि तो कायदेशीर असतो. पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे इतकी आहेत की सरकारच परवाने देऊन संख्या आवरते. त्याच्या मुलाला शाळेतल्या मित्रांबरोबर जायचे होते, तर या दौंडच्या जावयाने फोन करून मलाच विचारले, पहिली रायफल कुठली? मी त्याला तिथल्याच जुन्या शिकाऱ्यांना विचारायला सांगितले. त्यांनी दिलेले उत्तर त्याने मला कळवले आणि मला ते फार आवडले. ते म्हणाले, मोठी रायफल घेऊ नकोस. मुलासाठी .२४३ सारखी, कमी धक्क्याची काडतुसे घे आणि दस्ता आखूड घे. मोठ्या रायफलीचा धक्का एकदा बसला की मूल पुढच्या वेळी ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटते, अंग आकसते. नेम चुकतो, हरीण जखमी होऊन पळते आणि रात्रभर झाडीत तडफडते. शिवाय तिथे १९७३ नंतर जन्मलेल्याला शिकारीचे रीतसर शिक्षण पुरे केल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे जिथे हरीण मारायची मुभा आहे तिथेही जाणता माणूस आधी हरणाचा विचार करत नाही, मुलाच्या खांद्याचा करतो.

आपल्याकडे हरीण नाही, कागद आहे. पण उत्तर तेच.

कागदावरचा खेळ म्हणजे १० मीटर एअर रायफल. सुरुवात बहुतेक सगळ्यांची इथूनच होते. नळी .१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची. गोळीऐवजी शिशाचा छर्रा, दारूऐवजी हवा. दहा मीटरवर जे लक्ष्य असते त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही बारीक. वरिष्ठांच्या स्पर्धेत साठ छर्रे, पाऊण तास अधिक अर्धा तास एवढ्या वेळात, आणि सगळे उभ्याने. २००४ साली सुमा शिरूर यांनी आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत चाळीसपैकी चाळीस दहा मारून ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. (आडनावामुळे आमच्याकडची पोरे त्यांना शेजारच्या तालुक्याच्या समजतात. मी दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाही, पोरांचा हुरूप टिकतो.) अंजली भागवत यांनी एनसीसीतून सुरुवात केली आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. महाराष्ट्रात या खेळाची परंपरा रायफल नळीतून निघणाऱ्या आवाजापेक्षा बरीच मोठी आहे.

गेल्या वर्षी एक ट्रॅकमन आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बारा वर्षांची, वजन एकतीस किलो, वेण्या घट्ट बांधलेल्या, आणि नजर अशी की माझ्या कपाटावरच्या पुस्तकांची नावे तिने दारातूनच वाचली. वडिलांच्या खिशात एका विक्रेत्याने लिहून दिलेला कागद होता. परदेशी रायफल, किंमत लाखाच्या पुढे कितीतरी, वजन साडेचार किलोच्या वर. पतसंस्थेचे कर्ज मंजूर होत आले होते आणि उरलेल्या रकमेसाठी मुलीच्या आईच्या पाटल्या निघणार होत्या. विक्रेत्याने सांगितले होते, ‘‘चांगल्यातलीच घ्या, दहा वर्षं बघावं लागणार नाही.’’ फ्रिज घेताना हा सल्ला ठीक आहे.

मी काही बोललो नाही. माडीवरून एक चार फुटी लाकडी फळी आणली, तिला वाळूची पिशवी बांधली आणि काट्यावर साडेचार किलो भरवले. मुलीला उभे केले, रायफल धरतात तशी फळी धरायला सांगितले आणि घड्याळ लावले. उभ्याच्या नेमबाजीत डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात, धड मागे कलते आणि वजन स्नायूंवर न घेता हाडांवर घेतात. मोठ्या माणसाला हे शिकवता येते. या मुलीची तीन मिनिटांत कंबर पुढे सरकली, पाठीला धनुष्यासारखी बाक आली, ओठ दाताखाली गेला. ती मात्र फळी खाली ठेवायला तयार नव्हती. मग मी वडिलांना हिशेब सांगितला. एकतीस किलोच्या मुलीला साडेचार किलोची रायफल म्हणजे तिच्या वजनाचा सातवा हिस्सा. तुमचे वजन पासष्ट. त्या प्रमाणात तुम्हाला साडेनऊ किलोचे लोखंड उचलून रोज तासभर कमरेत वाकडे उभे राहावे लागेल. रुळावर काम करणाऱ्या माणसाला वजन म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. ते फक्त म्हणाले, ‘‘मग पाठ जाईल की, सर.’’

जाईलच असे नव्हे, पण वाढत्या वयातल्या मणक्यावर असली पैज लावू नये. जर्मनीत, जिथे या खेळाच्या उत्तम रायफली बनतात, तिथे कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलाच्या हाती साधारणतः एअर रायफल देत नाहीत, आणि सुरुवातीच्या मुलांना रायफल टेकवायला स्टँड देतात. वजन टेकूवर, लक्ष ट्रिगरवर. आपल्याकडे स्टँड मागितला की आईबापांना कमीपणा वाटतो. सायकलला मागची दोन चाके लावताना वाटत नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती विक्रेत्याच्या कागदावर कुठेच नव्हती. मी मुलीला दोन्ही हात लांब करून अंगठ्यांच्या बेचक्यात छोटी खिडकी करायला सांगितले आणि त्या खिडकीतून समोरच्या विजेच्या खांबावरचा दिवा पाहायला लावला. मग एकेक डोळा आळीपाळीने मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा खिडकीतच दिसतो तो मालक डोळा. दुसऱ्या डोळ्याने पाहिले की दिवा खिडकीबाहेर उडी मारतो. मुलगी उजव्या हाताने लिहिणारी, पण मालक डोळा डावा. अशी मुले विरळ नाहीत. कागदावरची रायफल मात्र पूर्णपणे उजव्या खांद्याची होती. गालाचा ठोकळा, मूठ, सगळे उजव्यासाठी कोरलेले. कर्ज काढून घेतलेल्या त्या रायफलीमागे ही मुलगी वर्षभर मान वाकडी करून चुकीच्या डोळ्याने दहा शोधत बसली असती, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवले असते की पोरीत काही दम नाही.

मालक डोळा विरुद्ध बाजूचा निघाला तर दोन वाटा असतात. एक, डाव्या खांद्यावरून मारायला शिकणे. दुसरी, मालक डोळ्यापुढे पडदा लावून उजव्याने मारणे. प्रशिक्षकांत यावर वाद आहेत. पण ज्या मुलाने अजून एकही छर्रा मारलेला नाही त्याला मी सरळ डाव्या खांद्यावर घालतो. मोडायला जुनी सवयच नसते, मग भीती कसली. दोन्ही बाजूंनी चालेल असा सपाट दस्ता असलेल्या रायफली मिळतात, सुरुवातीला त्याच बऱ्या.

दस्त्याची लांबी मोजायची रीत कुणालाही घरी जमेल. कोपर काटकोनात वाकवायचा, दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खळीत टेकवायचे. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज पोचले पाहिजे. बोट ताणावे लागले तर दस्ता लांब. मग मूल रायफल खांद्याला लावताना मान पुढे काढते आणि डोळा साइटच्या मागे नेमका येत नाही. गाल दस्त्यावर टेकवून डोळे मिटायला सांगा आणि मग उघडायला सांगा. साइट समोर असली तर दस्त्याची उंची बरोबर. शिंप्याकडे शर्टाचे माप देताना आपण जेवढा वेळ घालवतो तेवढा वेळ इथे कुणी घालवत नाही, याचे मला नवल वाटते.

आता प्रकार. सर्वांत स्वस्त ती नळी मोडून दाबायची स्प्रिंगची रायफल. जत्रेत फुगे फोडायला असते तिचीच ही शहाणी बहीण. आत स्प्रिंग सुटते तेव्हा रायफल आधी मागे आणि मग पुढे हलते. छर्रा नळीत असेपर्यंत ही हालचाल चालूच असते, म्हणून तिच्यावर शिकलेले मूल ट्रिगरनंतरही श्वास रोखून स्थिर राहायला शिकते. हा तिचा गुण. दोष असा की दरवेळी नळी मोडायला ताकद लागते, आणि बारा वर्षांच्या हाताला वीस-पंचवीस छर्‍यांनंतर ती पुरत नाही. शिवाय छर्रा न घालता ती कधीही चालवू नये, आतला दट्ट्या खराब होतो. दुसरा प्रकार नळकांड्यात दाबलेल्या हवेचा. नळकांडे २०० बारपर्यंत भरतात, ट्रिगर पाकळीसारखा हलका, धक्का जवळजवळ नाही. स्पर्धेत सगळीकडे हाच. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ या जर्मन आणि स्टायर ही ऑस्ट्रियाची नावे तुम्हाला कुठल्याही रेंजवर ऐकू येतील. यांतल्या काहींची मुलांसाठी आखूड, हलकी मॉडेले असतात. प्रेसिहोल ही आपल्याकडची कंपनीही आता स्पर्धेच्या एअर रायफली बनवते आणि दुरुस्तीला माणूस जवळ असणे ही परगावच्या घरांसाठी मोठी गोष्ट आहे.

जुनी घ्यायची असेल तर नळकांड्यावर कोरलेली तारीख आधी वाचा. या नळकांड्यांना वापराची मुदत असते, बहुतेक कंपन्यांची दहा वर्षांची. मुदत संपलेले नळकांडे घरात म्हणजे मुलाच्या गालाजवळ दोनशे बारचा दाब. त्यात काटकसर नको. रात्री भरून ठेवा, सकाळी काटा पाहा. काटा उतरला असेल तर वायसर गेले आहेत. विकणारा घाई करत असेल तर उठून चहा प्यायला जा.

पण माझा खरा सल्ला असा की पहिले वर्ष काहीच विकत घेऊ नका. क्लबची रायफल भाड्याने किंवा उसनी घ्या. शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे प्रकार असतात. मुलाला ओपन साइटवर सुरुवात करू द्या. त्यात पुढची माशी आणि मागची खाच यांची सांगड डोळ्याने घालावी लागते. ती शिस्त पुढे पीप साइटवर उपयोगी पडते. वर्षभरात तीन गोष्टी कळतात. मुलाला हा कंटाळवाणा खेळ मनापासून आवडतो का, तो कुठल्या खांद्याचा आहे, आणि त्याची उंची कुठल्या वेगाने वाढते आहे. कुसाळेलाही हा खेळ राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत मिळाला. रायफल घरी येऊन पदक मागून आले असे नाही, आधी शिकणे आले.

लागेल तो खर्च मात्र लिहून ठेवा, कारण रायफल ही सगळ्यात मोठी रक्कम असली तरी शेवटची नसते. रोज शंभर छर्रे मारले तर पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. जाड कापडाचे जॅकेट, पँट, सपाट तळाचे बूट. यांच्या जाडीला आणि ताठपणाला आंतरराष्ट्रीय नियम आहेत. वाढत्या मुलाला मापाने शिवलेले जॅकेट पहिल्या वर्षी घेणे म्हणजे पहिलीत असताना दहावीचा गणवेश शिवण्यासारखे. हातमोजा एक घ्या, बस. प्रवासाचा खर्च वेगळा. दौंडहून पुण्याला सकाळच्या गाडीने जायचे आणि तिथून बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरीत पोचायचे म्हणजे रविवार संपला. तोही खर्चच आहे, आणि तो आईबापांच्या अंगातून वजा होतो.

खेळातून नोकरी मिळते, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळ्या पालकांना ठाऊक असते. बरेच जण त्याच पोटी येतात. मला त्यात गैर वाटत नाही. ज्या गावात राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात नंबरचे गट आहेत तिथे पोरांना वर्दी आणि नेम यांचे नाते सांगावे लागत नाही. फक्त दहा वर्षांनंतरच्या नोकरीचे ओझे आजच्या साडेचार किलोत मिसळू नये.

कायद्याचे म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल या ताकदीच्या निम्म्याहूनही खाली असते. त्याहून जोरदार, जाड नळीची एअर गन कुणी ‘‘बिनपरवान्याची आहे’’ म्हणून विकत असेल तर ती घेऊ नका. दारूच्या बंदुकीचा परवाना एकवीस वर्षांखालच्याला मिळत नाही, नेमबाजीच्या सरावासाठी कायद्यात वेगळी वाट आहे ती क्लबमार्फतच जाते. आणि आजोबांची बारा बोअर माळ्यावर पडलेली असेल, परवानाधारक आजोबा वारले असतील, तर ती घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ‘‘पोराला तीच देऊ की’’ म्हणणारे अजून भेटतात, म्हणून लिहिले. भिंतीवरच्या शिंगांचेही तेच. २००३ च्या नियमांनी ती जाहीर करायला मुदत दिली होती. ती कधीच टळली.

शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या शिरल्यापासून काहीजण एअर रायफल संरक्षणासाठी मागतात. तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असतो. त्याने बिबट्या मरत नाही, चिडतो. घराभोवतीचा उजेड आणि वनखात्याचा फोन नंबर जास्त कामाचे.

घरी सराव करायचा तर दहा मीटर म्हणजे तेहतीस फुटांची मोकळी रांग लागते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच. मागे शिशाचे छर्रे अडकतील अशी पेटी, नुसता पत्रा नको, छर्रा उलटतो. आडव्या बाजूने दार नको. लहान भावंड धावत येते ते आडव्या दारातूनच. रायफल भरलेली नाही हे दिसावे म्हणून नळीतून भडक रंगाची दोरी घालून ठेवण्याचा स्पर्धेतला नियम घरीही पाळा. आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नका. शिसे अंगात साठते. मुले छर्रे तोंडात धरतात, शिंपी टाचण्या धरतो तसे. ही सवय पहिल्याच दिवशी मोडा.

त्या ट्रॅकमनच्या घरी पाटल्या अजून आईच्या हातात आहेत. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला. मुलगी डाव्या खांद्यावरून, उसन्या ओपन साइट रायफलवर, स्टँडला टेकवून मारते. महिन्यातले दोन रविवार आम्ही गाडीने जातो. बाकीचे दिवस ती घरी रोज वीस मिनिटे रिकामी फळी धरून उभी राहते आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत मनातल्या मनात ट्रिगर दाबते. फळीतली वाळू मी दर दोन महिन्यांनी ओंजळभर वाढवतो. आता ती सव्वातीन किलोवर आली आहे आणि पाठ सरळ राहते.

मध्यंतरी येताना तिने खिडकीतून पाटसच्या पुढे माळावर तीन चिंकारे उभे दाखवले. मला ते आधी दिसले नव्हते. डावा डोळा.

एका मित्राच्या ओळखीने मुलांची एक जुनी जर्मन रायफल बघायला मिळाली आहे. दोन्ही खांद्यांची, साडेतीन किलोच्या आत, नळकांड्याला अजून चार वर्षे मुदत. परवा तिच्या कोपराच्या खळीत दस्ता टेकवून पाहिला. बोट ट्रिगरपर्यंत पोचायला सव्वा सेंटिमीटर कमी पडते. मालकाला सांगितले आहे, दिवाळीनंतर पुन्हा मोजू.